शुक्र मघेला झाकेल तेव्हा: ग्रहाआड जाणारा तारा कसा पाहावा

प्रश्न थोडक्यात असा आहे: “चंद्र तारे झाकतो हे मी पाहिलंय. पण एखादा ग्रह ठळक ताऱ्यासमोरून जाताना खरंच दिसतो का? २०४४ मध्ये शुक्र मघेला झाकणार असं वाचलं. माझ्याकडे ६ इंची परावर्तक दुर्बीण आहे. एवढ्यावर काही दिसेल का आणि तयारी काय करावी?”

दिसतो, आणि ६ इंच पुरेसे आहेत. मघा १.४ प्रतीचा तारा आहे (प्रत म्हणजे तेजाची पायरी, आकडा जितका लहान तितका तारा ठळक), तो ३ इंचीतूनही लखलखीत दिसतो. अडचण ताऱ्याच्या तेजाची नसून त्याच्या शेजाऱ्याची आहे. तारा आणि शुक्राची कड यांच्यात दोन-तीन विकलांचं (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) अंतर उरतं, तेव्हा शुक्राच्या झगमगाटात तारा डोळ्याला धरून ठेवता येतो का, यावर सगळा खेळ आहे.

आधी हे इतकं दुर्मीळ का ते बघू. चंद्राचं बिंब अर्ध्या अंशाचं, म्हणजे सुमारे १८०० विकलांचं. तो दर महिन्याला आकाशाचा एक रुंद पट्टा झाडूनच काढतो. शुक्र अगदी जवळ आला तरी ६० विकलांच्या पुढे फारसा जात नाही, एरवी दहा ते तीस विकलांत असतो. एवढ्याशा बिंबाने ठळक ताऱ्यावर नेमकं येऊन बसायचं, तर तारा मुळात ग्रहांच्या वाटेवरच हवा. पहिल्या प्रतीचे चारच तारे या वाटेच्या आसपास आहेत. रोहिणी क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वाटेच्या, साडेपाच अंश दक्षिणेला, ज्येष्ठा साडेचार, चित्रा दोन. मघा मात्र अर्ध्या अंशाच्या आत. चित्रेला शुक्राने शेवटचं झाकलं ते १० नोव्हेंबर १७८३ रोजी आणि पुढची वेळ २ सप्टेंबर २१९७ ची. ज्येष्ठेसाठी थेट २४०० सालापर्यंत थांबावं लागेल. मघेचं त्या मानाने बरं आहे: ७ जुलै १९५९ आणि आता १ ऑक्टोबर २०४४ (जागतिक वेळेनुसार).

जाता जाता एक. रोहिणीचा ‘शकटभेद’ म्हणजे हेच, असं बरेच जण मला सांगतात. तसं नाही. शकटभेदात ग्रह रोहिणीच्या ताऱ्यांनी बनलेल्या गाड्याच्या आकृतीतून जातो, ताऱ्याला झाकत नाही. झाकण्याच्या जवळ जाणारा जुना शब्द हवा असेल तर वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ग्रहयुद्धाचे जे चार प्रकार आहेत त्यातला ‘भेद’ घ्या. पण तिथेही एक ग्रह दुसऱ्या ग्रहाला झाकतो. अशा झाकण्याला आज आपण पिधान म्हणतो. वर्तमानपत्रांतून ‘पिधान युती’ असंही येतं. शब्द जोडून वजन वाढवलंय इतकंच.

आता सावलीची गोष्ट. बहुतेकांचा घोळ इथे होतो. तारा इतका लांब आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत समांतर येतात. त्यामुळे ताऱ्याच्या प्रकाशात ग्रहाची जी सावली पृथ्वीवर पडते ती बरोबर ग्रहाएवढ्याच रुंदीची असते. गुरूची सावली सुमारे १ लाख ४० हजार किलोमीटर रुंद, तिच्यात सगळी पृथ्वी बुडून जाते. मंगळाची ६,८०० किलोमीटर. शुक्राची १२,१०० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीपेक्षा किंचितच कमी. ती अचूक मध्यावरून गेली नाही तर पृथ्वीचा बराच भाग बाहेर राहतो. शिवाय जो भाग सावलीत येतो तिथे शुक्र क्षितिजाच्या वर हवा आणि शक्यतो रात्र हवी. म्हणून ‘अमक्या तारखेला पिधान’ एवढ्या बातमीवर विसंबून राहू नका. तुमच्या गावाचे अक्षांश-रेखांश घालून काढलेल्या वेळा बघा. शुक्र पृथ्वीच्या दोन टोकांवरून पाहणाऱ्यांना पंधराएक विकला सरकलेला दिसू शकतो आणि २०४४ मध्ये त्याचं बिंबही साधारण तेवढंच असेल. एका देशात पिधान आणि दुसऱ्या देशात नुसती जवळून सलगी, असं सहज होतं.

१९५९ मध्ये युरोपात त्या वेळी भर दुपार होती. तरी दुर्बिणी रोखून लोकांनी ते पाहिलं, मोजलंही. शुक्राकडे तोवर एकही यान पोचलेलं नव्हतं. मरिनर-२ त्याच्या जवळून गेलं ते १९६२ च्या डिसेंबरात. ढगांच्या वरचं शुक्राचं वातावरण किती विरळ आणि उंचीबरोबर किती झपाट्याने कमी होतं हे कळायला मघेचा मावळता प्रकाश हेच साधन होतं. जेरार द व्होकुलर आणि डोनल्ड मेन्झेल या खगोलशास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून वातावरणाची ‘मापउंची’ सात किलोमीटरच्या आसपास काढली. मापउंची म्हणजे जितकं वर गेल्यावर हवेची घनता सुमारे एक तृतीयांश होते ती उंची.

ताऱ्याचा प्रकाश ढगांमागे गेल्याने कमी होतो असं वाटणं साहजिक आहे, पण तसं होत नाही. ढगांच्या बऱ्याच वर, जिथली हवा जवळपास पारदर्शक असते, तिथेच तारा मंदावतो. खालच्या थरातून जाणारा किरण वरच्या थरातल्या किरणापेक्षा जास्त वाकतो. एकत्र आलेली किरणांची जुडी ग्रहापलीकडे पंख्यासारखी उघडते आणि आपल्या वाट्याला तिचा थोडाच भाग येतो. प्रकाश कुठे शोषला जात नाही, फक्त पसरतो. तारा निम्मा होतो त्या क्षणी किरण इतका वाकलेला असतो की पृथ्वीपर्यंत येईतो तो बरोबर एक मापउंची बाजूला सरकतो. इतक्या साध्या नात्यावरून दूरच्या ग्रहाची हवा मोजता येते, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

हे घडतं मात्र झटकन. २०४४ मध्ये सावली सेकंदाला पस्तीसेक किलोमीटर वेगाने सरकेल, म्हणजे चार-पाच मापउंच्या सेकंदाभरात पार. चंद्राच्या कडेवर तारा दिवा मालवल्यासारखा जातो, तिथे हवाच नाही. शुक्राच्या कडेवर तो विझताना दिसेल, पण ‘अरे, विझतोय’ म्हणेपर्यंत विझलेला असेल. गुरूचं तसं नाही. त्याची हवा हलक्या वायूंची, मापउंची वीस-पंचवीस किलोमीटरची आणि चाल धीमी. तिथे तारा सावकाश जातो, मध्येच भडकतो, पुन्हा मंदावतो. १३ मे १९७१ रोजी गुरूने वृश्चिकातला बीटा तारा झाकला. अनुराधा नक्षत्रातला हा तारा, अडीच प्रतीचा. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉयडन वेधशाळेतून घेतलेल्या प्रकाशवक्रात, म्हणजे ताऱ्याच्या तेजाच्या आलेखात, भाल्यांसारखी टोकं उभी राहिली होती. गुरूच्या हवेत तापमानाचे थर एकसारखे नसतात, त्याच्या त्या खुणा.

मंगळाने ८ एप्रिल १९७६ रोजी मिथुनेतल्या एप्सिलॉन ताऱ्याला झाकलं तेव्हाचा किस्सा आणखी मजेदार. उडत्या वेधशाळेतून, म्हणजे विमानात बसवलेल्या क्यूपर दुर्बिणीतून, निरीक्षण चालू होतं आणि विमान सावलीच्या जवळपास मध्यरेषेवर होतं. तारा मंगळामागे पूर्ण गेलेला असताना मध्यावर क्षणभर प्रकाश उसळला. मंगळाच्या चारी बाजूंच्या हवेतून वाकलेले किरण एका ठिकाणी जमले होते. याला मध्यचमक म्हणतात. ग्रह ताऱ्याच्या बरोबर समोर आणि आपण बरोबर मधल्या रेषेवर, असं असेल तरच ती दिसते. तिची आशा धरून बसू नका, पण रेकॉर्डिंग मध्येच थांबवूही नका.

रेकॉर्डिंग न थांबवण्याबद्दल मी हट्टी आहे, त्याचं कारण १० मार्च १९७७. त्या दिवशी युरेनस एका अंधूक ताऱ्यासमोरून जाणार होता, एसएओ १५८६८७. ठळक ताऱ्याचं हे उदाहरण नव्हे, पण यासारखा धडा दुसरा नाही. जेम्स एलियट, एडवर्ड डनहॅम आणि जेसिका मिंक हे हिंदी महासागराच्या दक्षिण भागावर विमानातून पाहत होते. पिधानाच्या वेळेची खात्री नव्हती म्हणून त्यांनी यंत्रं बरीच आधी चालू केली. युरेनस ताऱ्यापर्यंत पोचण्याच्या आधीच प्रकाश पाच वेळा झपकन उतरून परत आला, पिधानानंतर पुन्हा तसाच. युरेनसची कडी सापडली ती अशी. त्याच रात्री तमिळनाडूत कावलूरला १ मीटरच्या दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी होते. ग्रहाने झाकल्याचा नाही असा एक उतार त्यांनाही मिळाला आणि त्यांनी ‘नेचर’मध्ये तो युरेनसचा नवा उपग्रह म्हणून मांडला. पुढे कळलं की तीही कडीच. हा उतार ज्यांच्या कागदावर उमटला, त्यांची यंत्रं वेळेआधी चालू होती एवढंच. कावलूरचं नाव त्याआधीही अशा कामात आलं होतं: जून १९७२ मध्ये गुरूच्या गॅनिमीड या उपग्रहाने एक तारा झाकला तेव्हा इंडोनेशियातलं लेंबांग आणि आपलं कावलूर, दोन्हीकडून नोंदी झाल्या होत्या.

आता तुमच्या दुर्बिणीकडे येऊ.

२०४४ मध्ये शुक्र पहाटेच्या आकाशात असेल, पूर्वेला, सूर्यापासून चाळीस अंशांच्या आत-बाहेर. बिंब सुमारे १५ विकला आणि जवळपास तीन चतुर्थांश उजळ. पहाटेच्या शुक्राची उजळ बाजू पूर्वेकडे, सूर्याच्या दिशेला असते. आणि शुक्र ताऱ्यांतून सरकतोही पूर्वेकडेच. म्हणजे तारा उजळ कडेवरून आत जाणार आणि अंधाऱ्या कडेवरून बाहेर येणार. १९५९ ला बरोबर उलटं होतं: शुक्र संध्याकाळच्या बाजूला, त्यामुळे स्पर्श (आत जाणं) अंधाऱ्या कडेवर आणि मोक्ष (बाहेर येणं) उजळ कडेवर. २०४४ ला पाहणाऱ्याने म्हणूनच आपली सगळी आशा बाहेर येण्यावर ठेवावी. आत जाताना तारा शुक्राच्या तेजात शेवटच्या काही सेकंदांत हरवू शकतो. बाहेर येताना तो काळ्या बाजूला, उजळ भागापासून दोन-चार विकला दूर, अचानक उगवेल. पण उगवण्याआधी तुम्हाला माहीत हवं की बघायचं कुठे.

परावर्तकात प्रतिमा उलटी, त्यात डोब्सनियन (साध्या बैठकीवरची, हाताने फिरवायची परावर्तक) असेल तर तीही तिरकी फिरलेली. दिशा ओळखायचा सोपा उपाय: माग घेणारी मोटर असेल तर बंद करा, डोब्सनियन असेल तर हात काढून घ्या. चित्र ज्या बाजूने नेत्रिकेबाहेर निघून जातं ती पश्चिम. पिधानाआधी शुक्र आधी बाहेर जाईल, मघा मागून. त्याच्या उलट जाताना दिसलं तर मघा केव्हाच पलीकडून बाहेर आली आणि तुम्ही उशीर केला.

झगमगाटाचा हिशोब करून बघितलेला बरा. शुक्र उणे ४.१ च्या आसपास, मघा अधिक १.४. फरक साडेपाच प्रतींचा, म्हणजे शुक्र एकूण दीडशे-पावणेदोनशे पट तेजस्वी. हा आकडा ऐकून घाबरायला होतं. पण शुक्राचं तेज शंभराहून जास्त चौरस विकलांवर पसरलेलं आहे आणि ताऱ्याचं, हवा शांत असेल तर, पाचेक चौरस विकलांत एकवटलेलं. तेवढ्याच तेवढ्या तुकड्याशी तुलना केली तर ताऱ्याचा ठिपका शुक्राच्या पृष्ठभागापेक्षा फक्त सहा-सात पट फिका. हे जमण्यासारखं आहे. म्हणूनच मी मोठं वर्धन वापरा म्हणतो, १५० ते २५० पट. कमी वर्धनात शुक्र म्हणजे टॉर्चचा झोत असतो आणि त्यात तारा बुडतो. वर्धन वाढवलं की शुक्राचं बिंब पसरून मवाळ होतं, तारा मात्र ठिपकाच राहतो. कॅमेऱ्यात ८ बिटऐवजी १२ किंवा १६ बिटवर रेकॉर्ड करा, नाहीतर शुक्र सांभाळताना ताऱ्याला तेजाची पायरीच उरणार नाही. शुक्र थोडा जळाला तरी चालेल. आपण शुक्राचा फोटो काढायला बसलेलो नाही.

फिल्टरबद्दल मतं वेगवेगळी ऐकाल. मघा निळसर पांढरी आणि शुक्र जांभळ्या-निळ्या प्रकाशात जरा काळवंडतो, म्हणून आकाशात उंच असेल तर निळा फिल्टर फायद्याचा. तोच शुक्र क्षितिजापासून पंधरा अंशांवर असेल तर निळ्याचा नाद सोडा. तिथली हवा निळा प्रकाश गिळते आणि उरलेलाही थरथरवते. लाल घ्या, तफावत कमी मिळेल पण प्रतिमा शांत राहील. इतक्या खाली फिल्टरशिवाय बघितलं तर शुक्राला वर-खाली निळ्या-तांबड्या किनारी दिसतात. ताऱ्यालाही दिसतात. नवखा माणूस त्यालाच वातावरणाचा परिणाम समजून वहीत लिहितो. ते वातावरण शुक्राचं नसतं, आपलं असतं.

रंगीत तालमीसाठी २०४४ पर्यंत थांबायची गरज नाही. शुक्र आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखेला आकाशात जवळपास त्याच जागी परत येतो. ३ ऑक्टोबर २०१२ ला तो मघेपासून सुमारे सात कलांवर (एक कला म्हणजे ६० विकला) होता, ३ ऑक्टोबर २०२० च्या पहाटे पाच-साडेपाच कलांवर. पुढच्या भेटी २०२८ आणि २०३६ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि तिसरी थेट पिधानाची.

२०२० ची पहाट मी गच्चीवरून ८ इंची डोब्सनियनने पाहिली. टाळेबंदीचे दिवस, शेजारचे काका मास्क लावून वर आले. नेत्रिकेला डोळा लावला आणि म्हणाले, “शुक्राला चंद्र आहे हे मला माहीत नव्हतं!” मी हसलो, पण त्यांची चूक मोठ्या लोकांच्या पंगतीत बसणारी होती. खगोलशास्त्रज्ञ कासिनीनेसुद्धा १६७२ आणि १६८६ मध्ये शुक्राजवळ चंद्र पाहिल्याची नोंद केली होती. पुढे शंभरेक वर्षं अधूनमधून लोकांना तो ‘दिसत’ राहिला. १८८७ मध्ये पॉल स्ट्रूबांत या खगोलशास्त्रज्ञाने जुन्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच वेळी शुक्राजवळ नुसता एखादा तारा होता असं निघालं. काकांना हे सांगितल्यावर त्यांची कॉलर ताठ झाली.

माझी फजितीही त्याच पहाटेची. ऑक्टोबर म्हणजे परतीचा पाऊस, हवेत दमट गारवा. साडेचारपर्यंत सगळं छान होतं. मग मघा हळूहळू फिकी होत गेली. मी ढग शोधत बसलो, आकाश तर निरभ्र. शेवटी टॉर्च मारला तर दुय्यम आरशावर दव. घरातला हेअर ड्रायर एक्स्टेंशन बोर्ड लावून वर आणेपर्यंत वीस मिनिटं गेली. खऱ्या पिधानाच्या वेळी तेवढ्या वेळात आत जाऊन बाहेर येणं उरकलेलं असेल: शुक्र मिनिटाला तीनेक विकला सरकेल, म्हणजे तारा अगदी मध्यातून गेला तरी सगळं नाटक पाच मिनिटांचं. दवासाठी नळकांड्याच्या तोंडाला काळ्या फोम शीटची फूट-दीड फूट लांब झालर लावा. शंभर-दीडशे रुपयांचं काम.

वेळेची नोंद हा दुसरा भाग. चंद्राने एक तारा झाकला तेव्हा मी लॅपटॉपवर चित्रण केलं, फोनवरही वेळ पाहिली; दोघांत तीन सेकंदांचा फरक निघाला आणि खरं कोण ते ठरवायला तिसरं काही नव्हतं. ते चित्रण आता पाहुण्यांना दाखवायच्या कामाचं आहे, मोजमापाच्या नाही. पूर्वी लोक आकाशवाणीच्या ठोक्यांवर स्टॉपवॉच लावायचे, त्यांचीही वेळ माझ्यापेक्षा बरी असायची. आता जीपीएसवरून वेळ उमटवणारं यंत्र व्हिडिओला जोडता येतं. ते नसेल तर लॅपटॉपचं घड्याळ निरीक्षणाच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा इंटरनेटच्या वेळेशी जुळवून फरक वहीत लिहा. सेकंदाला किमान २५ चित्रं ठेवा, शक्य असेल तर जास्त.

तुमचं पहिलं काम चंद्रावर करा. चंद्र वाढता असताना, अंधाऱ्या कडेवर तारे आत जातात. चौथ्या-पाचव्या प्रतीचे दहा-बारा तरी तारे वेळेसकट पकडा. हात बसला की उजळ कडेवरून बाहेर येणारे धरून बघा, ते कठीण असतं आणि शुक्राच्या उजळ कडेचा सराव त्यातूनच होतो. मग २०२८ च्या ऑक्टोबरात शुक्र-मघा. तेव्हा मोजायची गोष्ट एकच: वर्धन, फिल्टर आणि एक्स्पोजर यांच्या कुठल्या जोडीत मघा शुक्राशेजारी स्वच्छ सुटी दिसते. त्या जोडीची नोंद दुर्बिणीच्या पेटीच्या झाकणावर आतून चिकटवा. वही हरवते.

एखाद्या पिधानाची दिवसाउजेडी वेळ आली, तर दुर्बीण भिंतीच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या सावलीत अशी ठेवा की सूर्य नळकांड्यात शिरूच शकणार नाही. चाळीस अंशांचं अंतर ऐकायला पुष्कळ वाटतं, पण शोधकातून, म्हणजे दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीतून, शुक्र हुडकताना हात एकदा चुकला की डोळा जातो. आणि शोधकाला टोपी घालून ठेवा, गच्चीवर मुलं असतील तर नक्कीच.